दूध १ वाटी: पूजेच्या यादीतल्या एका ओळीविषयी

श्रावण लागायच्या आठवडाभर आधी मला हमखास एक फोन येतो. "ताई, तुम्ही पाठवलेल्या यादीत चूक झालीय बहुतेक. दुधापुढे १ वाटी आलंय. लिटर ना?"

नाही. वाटीच.

मी पुण्यात पौरोहित्य करते. चौदा वर्षं झाली. सत्यनारायण, वास्तुशांत, श्रावणातले अभिषेक, अधूनमधून एखादं लग्न. माहेर फलटणजवळचं. तिथे धाकट्या भावाचा गोठा आहे. नऊ संकरित गाई (असतात होल्स्टीन, पण गावात सगळ्यांना जर्सीच म्हणतात) आणि वडिलांच्या वेळेपासूनची देशी खिल्लार गाय. म्हणजे दुधाचं एक टोक माझ्या चौरंगावर आणि दुसरं भावाच्या गव्हाणीत. "हल्ली पूजेत दूध-तूप वापरणं बरोबर आहे का हो?" असं यजमान विचारतात, आणि अलीकडे फार विचारतात, तेव्हा एका वाक्यात उत्तर द्यायला मला जमत नाही. मी काय करते तेवढं सांगू शकते. तेच इथे लिहिते आहे.

यादी बदलली ती एका सोसायटीतल्या अभिषेकानंतर. श्रावणी सोमवार होता. प्रत्येक घरानं एक पिशवी आणायची असं कमिटीनं ठरवलेलं. बावीस पिशव्या जमल्या. रुद्र म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर दूध पिंडीवरून पन्हाळीत, पन्हाळीतून बादलीत आणि बादली भरली की पार्किंगच्या जाळीतून गटारात चाललेलं. दुपारी वॉचमनदादा पाण्याचा पाइप लावून जाळी धूत होते, कारण वास सुटला होता आणि माश्या जमल्या होत्या. संध्याकाळी त्याच मंडळींपुढे मी सोमवारची कहाणी वाचली. खुलभर दुधाची. वाचता वाचता माझाच आवाज अडखळला.

कहाणी आपल्या सगळ्यांना पाठ आहे, पण आपण ती ऐकून सोडून देतो. राजानं हुकूम काढला, गावातलं सगळं दूध महादेवाच्या गाभाऱ्यात. लोकांनी धाकानं घरातलं सगळं दूध नेऊन ओतलं, वासरांना ठेवलं नाही, पोरांना ठेवलं नाही. गाभारा भरेना. मग दुपारी एक म्हातारी आली. तिनं आधी मुलाबाळांना खाऊ घातलं, लेकीसुनांना न्हाऊ घातलं, गाईवासरांना चारा घातला, आणि उरलं ते खुलभर, म्हणजे एवढंसं, दूध देवाला वाहिलं. गाभारा भरला. राजानं कारण विचारलं तर म्हातारी काय म्हणते? वासरांचे आणि मुलांचे आत्मे तळमळले म्हणून तुझा गाभारा भरला नाही. दुग्धव्यवसायाच्या नीतीवर याहून नेमकं मला कुणी काही सांगितलेलं नाही. घर, वासरू, मग देव. हा क्रम. माप खुलभर.

तर सुरुवात यादीपासून.

पंचामृती पूजेला दूध, दही, तूप, मध, साखर प्रत्येकी एक पळी पुरते. पयःस्नान म्हणजे देवाला दुधानं आंघोळ, पण ताम्हणातली मूर्ती असते बोटभर. तिच्यावर एक पळी दूध घातलं की स्नान झालं, लगेच शुद्धोदक, म्हणजे साधं स्वच्छ पाणी. पाच पदार्थांच्या पाच पळ्या ताम्हणात जमतात, तेवढं तीर्थ घरातली माणसं पिऊन संपवतात. संपेल एवढंच करायचं. अभिषेकाच्या ताम्हणात हळदकुंकू पडतं आणि मग ते पंचामृत कुणी पीत नाही, म्हणून गंध-फुलं स्नान आटोपून मूर्ती पुसल्यानंतरच. हा शास्त्रातला क्रमच आहे, घाईत आपण मोडतो.

रुद्राला तर दूध लागतच नाही. शिव अभिषेकप्रिय आहे, पण संततधार असते ती पाण्याची. पिंडीवर टांगलेली गळती पाण्यासाठीच असते. मी सुरुवातीला एक पळी दूध घालते आणि अकरा आवर्तनं पाण्यानं करते. कुणाला काही वेगळं हवंच असेल तर नारळपाणी किंवा उसाचा रस, दोन्हीचा अभिषेक परंपरेत आहे. खाली स्वच्छ पातेलं ठेवायचं, नंतर झाडांना. उसाच्या रसाला मुंग्या येतात, तेवढं बघा.

देवळांचा प्रश्न वेगळा, कारण तिथे दूध वाया जाण्याबरोबर मूर्तीची झीजही आहे. उज्जैनच्या महाकालेश्वराचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१७ साली माणशी अर्धा लिटर शुद्ध केलेलं पाणी आणि सव्वा लिटर दूध अशी मर्यादा आली. पंढरपूरच्या विठ्ठलाला २०२० साली पुन्हा वज्रलेप, म्हणजे झीज थांबवायचा लेप, करावा लागला. त्यामुळे देवळात मोठा दुग्धाभिषेक करायचाच असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सुचवते, की पावती फाडा, दूध तिथल्या अन्नछत्रात द्या, पिंडीवर पळीभर घाला. निम्मे लोक ऐकतात. निम्मे दुसरे गुरुजी बघतात. चालायचंच.

सत्यनारायणाच्या प्रसादात लोक अडतात ते 'सव्वा'वर. सव्वा किलो रवा, सव्वा किलो तूप, सव्वा लिटर दूध. अहो, सव्वा हे प्रमाण आहे. सव्वा वाटी घ्या. घरात चार माणसं असतील तर सव्वा पेला घ्या. मागच्या वर्षी एका घरी सव्वा किलोचा शिरा झाला, आलेले सात जण. तिसऱ्या दिवशी तो शिरा कुंडीत गेला. त्या घरच्या आजींना सांगायचं धाडस मी केलं नाही, पण त्या तुपामागे भावाच्या गाईचं सदतीस-अडतीस लिटर दूध गेलं होतं, हे मनातल्या मनात मोजलं.

हा हिशेब घरच्या वहीत एकदा लिहून बघाच. गाईच्या दुधाचा ३.५ फॅट धरला तर एक किलो तुपाला साधारण तीस लिटर दूध लागतं. म्हशीचं ६ फॅटचं असलं तर सोळा-सतरा. मागे उरणारं बिनसायीचं दूध किंवा ताक कुणीतरी वापरतं हे खरं, तरी आकडा आकडाच. महिन्याला किलोभर तूप खाणारं घर वर्षाला त्यापायी साडेतीनशे लिटरच्या पुढे जातं, आणि रोजचं लिटरभर दूध वेगळंच. देवाला वाहिलेलं सगळं दूध, बारा महिन्यांचे सणवार धरून, माझ्या मापानं पाच लिटरसुद्धा होत नाही. भाऊ मला हसतो ते यावरून. "आक्का, तू देवाच्या पळ्या मोजत बसलीस. लोक पनीर खात्यात ते मोज की." बरोबर बोलतो. किलोभर पनीराला पाच-सहा लिटर दूध जातं. म्हणून पूजेत दूध बंद केलं की पाप फिटलं, आणि रात्री पनीर टिक्का, हे मला पटत नाही. हात आखडायचा तर आधी स्वयंपाकघरात.

आता वासराचं सांगते, कारण बाकी सगळं त्याच्यापाशीच येऊन थांबतं.

गाय व्याल्याशिवाय दूध देत नाही आणि व्याली की निम्म्या वेळा गोऱ्हा, म्हणजे नर वासरू, होतो. शेती ट्रॅक्टरवर गेली. त्यात संकरित गोऱ्ह्याला वशिंड नसतं, त्यामुळे जू मानेवर नीट बसत नाही, म्हणजे औताला तो कधीच धड नव्हता. भावानं मला गोठ्यात उभं राहून हिशेब सांगितला. खोंडाला रोज तीन लिटर दूध, तीन महिने. दोनशे सत्तर लिटर. तीस रुपयांनी आठ हजार शंभर. पुढे वैरण वेगळी. आणि विकायला गेलं तर शून्य. गाईच्या कत्तलीला आपल्याकडे १९७६ च्या कायद्यानं बंदी होतीच, मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. कायदा चांगला की वाईट यावर मी भांडणार नाही, पण गोऱ्हा संभाळायचा कुणी, हे त्यात लिहिलेलं नाही. मग गावोगाव काय होतं? तीन लिटरांऐवजी एक लिटर पाजतात, आणि ते आपोआप जातं. किंवा रात्री माळावर सोडून येतात. म्हशीचं रेडकू तर त्याहून लवकर जातं, आणि रेडा त्या बंदीत नाही. तेव्हा म्हशीचं दूध घेऊन आपण सुटलो असं कुणी समजू नये. मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे धरायचं म्हणजे ती पान्हा सोडते, हे मी लहानपणी शेजारच्या गोठ्यात पाहिलंय. ती त्याला चाटत होती.

मनुस्मृतीशी माझी भांडणं पुष्कळ आहेत. बाई असून पौरोहित्य करते म्हटल्यावर असणारच. पण पाचव्या अध्यायात, काय खाऊ नये याच्या यादीत, दोन गोष्टी आहेत ज्या कुठलाही गुरुजी यजमानाला सांगत नाही. व्यायल्यानंतर दहा दिवसांच्या आतलं दूध वर्ज्य. आणि 'विवत्सा' गाईचं, म्हणजे जिचं वासरू जवळ नाही तिचं दूध वर्ज्य. दुसऱ्या नियमात आजचं बहुतेक पिशवीतलं दूध बसतं. पहिल्यात खरवस. मला खरवस जीव की प्राण आहे, वेलदोडा-गूळ घातलेला. चिकाचा पहिला मान वासराचा, पहिल्या काही तासांत त्याच्या पोटात गेला नाही तर ते रोगांना टिकत नाही. भावाच्या गोठ्यात वासरू पिऊन उरलेल्याचाच खरवस होतो असं तो सांगतो. मी विश्वास ठेवते आणि खाते. मनूला नंतर बघून घेऊ.

म्हणून पूजेचं दूध कुठून आणायचं असं विचारलंत, तर पुण्यात सिंहगड रस्त्याला, धायरीच्या पुढे, मुळशीच्या वाटेवर अजून गोठे आहेत. सकाळी सातच्या सुमाराला जा, धारा चालू असतात तेव्हा. दूध कितीला हे शेवटी विचारा. आधी वासरं कुठे बांधलीत ते बघा. मी सरळ विचारते, "दादा, गोऱ्हे किती?" दहा गाई आणि एकही गोऱ्हा नाही असं असेल तर उत्तर मिळालंच. क्वचित खरं कारण असतं. माझा भाऊच गेल्या तीन वर्षांपासून लिंगनिर्धारित रेतमात्रा भरतो, त्यात दहापैकी नऊ कालवडी होतात. महाग पडतं, गाय पहिल्या खेपेला गाभण राहीलच असं नाही, तरी मला त्याच्यापेक्षा शहाणा उपाय अजून दिसलेला नाही. गोऱ्हा जन्मालाच कमी आला तर उपाशी मारायचा प्रश्नही कमी होतो. मग विचारा, भाकड गाईचं काय करता. पान्ह्यासाठी इंजेक्शन मारता का हे मात्र विचारू नका, कुणी हो म्हणणार नाही. कोपऱ्यात रिकाम्या बाटल्या पडल्यात का ते बघा.

गाई मोकळ्या असल्या तर सोन्याहून पिवळं. मुक्तसंचार गोठे आपल्याकडे बरेच झालेत, जाळीचं कुंपण, मधे गव्हाण, गाई हव्या तिथे बसतात. तिथलं दूध लिटरमागे दहा रुपये जास्त पडलं तरी वाटीभरच घ्यायचंय ना आपल्याला.

'ए-टू, गीर, बिलोना' असं लिहिलेल्या तुपाच्या बरण्यांविषयी थोडंच. (ए-टू हा दुधातल्या एका प्रथिनाचा प्रकार, गीर गाईची जात, बिलोना म्हणजे दही घुसळून काढलेलं.) दोन-अडीच हजार रुपये किलो मोजून पुण्य मिळतं असं समजणारे यजमान माझ्याकडे आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं ए-वन, ए-टूचे दावे काढून टाका असं सांगितलं आणि आठवड्याच्या आत तो आदेश मागेही घेतला. त्या बरणीवर गाईची जात असते, तिच्या वासराची खबर नसते. देशी गाय म्हणजे आपोआप नैतिक, असं नाही. उलट आमच्या खिल्लारांचं मजेशीर आहे. दूध तीन-चार लिटर, पण डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयानं बैलगाडा शर्यतींना परवानगी दिल्यावर खिल्लार खोंडाला पुन्हा भाव आला. आता त्याला कुणी उपाशी ठेवत नाही, बदाम चारतात. शर्यतीत बैलाचं काय होतं तो वेगळा लेख.

काही यजमान दूध-तूप पूर्ण सोडलेले असतात. न्यू जर्सीहून एका मुलीनं व्हिडिओवर गणपतीची पूजा सांगायला बोलावलं आणि विचारलं, "काकू, ओट मिल्क चालेल का?" मी नको म्हटलं. मंत्रात 'पयः' म्हणायचं आणि ओटचं पाणी घालायचं, हे नाटक कशाला? आपल्या पूजेत नसलेल्या वस्तूसाठी सोय आधीपासून आहे. वस्त्र नसलं तर आपण 'वस्त्रार्थे अक्षतान् समर्पयामि' म्हणतोच. तसंच पंचामृताच्या जागी अक्षता वाहा, मग मध आणि साखर खरी असेल तर ती वाहा, आणि शुद्धोदक. तिची आई मागून म्हणाली, "अक्षतांवर भागवायचं तर पूजा कशाला?" मुलगी काही बोलली नाही. मीही नाही. चौरंगासमोर वाद घालू नये असा माझा नियम आहे. आठवडाभर आधी, यादी देताना, सगळं बोलून घ्यायचं. घरातल्या आजींना पळीभर दूध हवं असेल आणि नातीला नको असेल तर दोघींना त्यांच्या पूजा करू द्याव्यात. देवघर तेवढं मोठं असतं.

त्या न्यू जर्सीच्या मुलीला नैवेद्याला मी नारळाच्या दुधातला शिरा सांगितला, तो इथेही देते, कारण तीन-चार वेळा बिघडवून मग जमलाय. एका नारळाचं पहिलं घट्ट दूध वाटीभर निघतं, ते बाजूला ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या पाण्याचं पातळ दूध अडीच वाट्या. सव्वा वाटी रवा अर्धी वाटी खाण्याच्या खोबरेलात मंद आचेवर परता, रंग बदलायला लागला की पिकलेलं केळं कुस्करून त्यातच परता. केळं तेलात लालसर झालं की जो वास सुटतो तो थेट सत्यनारायणाचा. मग कढत पातळ दूध, झाकण, वाफ. साखर सव्वा वाटी, चिमूट मीठ. घट्ट दूध अगदी शेवटी, आणि त्यानंतर उकळी आणायची नाही, फुटतं. कोकणात आणि गोव्यात यात कुणाला नवल वाटणार नाही. रसातल्या शेवया, पातोळ्या हे देवाला चालत आलेलंच आहे. रोजच्या दूधसाखरेऐवजी गूळखोबरं ठेवलं तर देव रुसल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

निरांजनाची अडचण फुलवातीची असते. तूप थिजतं म्हणून वात उभी राहते, तेलात ती कलंडते आणि काजळी धरते. थंडीत खोबरेल थिजतं तेव्हा तेच वापरा. उन्हाळ्यात सरळ तेलवात आणि तिळाचं तेल. समई तर तेलाचीच असते. बाजारात डबीतल्या तयार तूपवाती मिळतात, त्या घेण्याआधी बारीक अक्षरं वाचा. पुष्कळदा वनस्पती तूप असतं, काहींवर तर खाण्यासाठी नाही असंच छापलेलं असतं. जे आपण खाणार नाही ते देवापुढे जाळायचं, त्यापेक्षा तीळतेल कितीतरी सोवळं.

आणि ज्यांना "आपल्या धर्मात दूध सोडणं बसत नाही" असं वाटतं, त्यांनी वसुबारस आठवावी. त्या दिवशी गाईचं दूध, तूप, ताक काही खात नाहीत. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. दिवस वासराचा, दूध त्याचं. माध्व, म्हणजे मध्वाचार्यांच्या संप्रदायातल्या, घरांत चातुर्मासात एक महिना दही वर्ज्य, एक महिना दूध वर्ज्य, आजही पाळतात. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणून आपण माठ-सुरणाची भाजी करतो. वर्षातून एकदा, कुणाच्या श्रमाचं खातोय याची आठवण ठेवायची रीत आपल्याकडे आहे. ती महिन्यातून एकदा करायला कुणी अडवलंय?

गोग्रासाचंही एक. देवळाबाहेर गाय बांधलेली असते, शेजारी बाई पेंढी विकते. पेंढी घ्या, तीच गाईला घाला. डबाभर पुरणपोळ्या, भात, आदल्या दिवशीचा शिरा तिच्यापुढे ओतू नका. एवढं पिष्ट एकदम पोटात गेलं की गाईचं पोट आंबतं, फुगतं, कधी दगावतेही. प्लॅस्टिकच्या पिशवीसकट तर नाहीच नाही.

दान करायचं असेल तर कालवडीचा फोटो पाठवणाऱ्या गोशाळेपेक्षा, जिथे लंगडे बैल आणि भाकड गाई दिसतील तिथे करा. ३० सप्टेंबर २०२४ ला राज्य सरकारनं देशी गाईला राज्यमाता-गोमाता म्हणून जाहीर केलं, गोशाळांना देशी गाईमागे दिवसाला पन्नास रुपये अनुदान ठरवलं. चांगलं झालं. भावाचा जर्सी गोऱ्हा त्यात बसत नाही. मुंबईत पांजरपोळ १८३४ सालापासून आहे, म्हणजे नको असलेल्या जनावरांचा प्रश्न आपण काही काल निर्माण केलेला नाही.

माझी स्वतःची सोय मी अशी केली. प्रत्येक पूजेच्या दक्षिणेतले एक्कावन्न रुपये एका डब्यात टाकते. भावाच्या गोठ्यात अडीच वर्षांपूर्वी एक खोंड झाला, काळा-पांढरा, कपाळावर बदामासारखा ठिपका. त्याच्या दुधाचे दोनशे सत्तर लिटरांचे पैसे मी दिले, आता वैरणीचे देते. औताला उपयोग नाही, शर्यतीला नाही, नुसता उभा असतो आणि शेण देतो. गेल्या महिन्यात भावाचा फोन आला.

"आक्का, तुझ्या खोंडानं परत दावं तोडलं. शेजाऱ्याचा मका खाल्ला सगळा. त्याचं पण तुझ्या डब्यातनंच द्यायचं का?"

मी विचारलं, किती झाले. बाराशे म्हणाला. पाठवले.